पाण्यातलं ते उंच गवत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात कुणालाही पक्षी दाखवायला नेलं की मनोऱ्यावर चढल्याबरोबर हा प्रश्न येतोच: ‘पाण्यात ते उंच गवत कोणतं? आपलंच, की जलपर्णीसारखं बाहेरून आलेलं?’

आपलंच. पण ती दोन वेगळी झाडं आहेत, आणि त्यातलं एक तर गवतच नाही.

टोकाला तपकिरी, मखमली कणीस असतं ते पाणकणीस. मीही बरीच वर्षं त्याला गवतच म्हणायचे. एकदा काठावर जाळं सोडवत बसलेल्या मामांनी त्याचा एक दांडा उपटून माझ्या हातात दिला. ‘ताई, गवताला पेरं असत्यात. याला दाखवा बरं कुठंय पेर.’ मी बुडापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. एकही गाठ लागली नाही. पानं थेट बुडातून निघालेली, पट्ट्यासारखी लांब. एक मोडलं, तर आत हवेचे बारीक बारीक खण.

खरं गवत म्हणजे नळ. माणसाच्या डोक्यावरून सहज जातो. दांड्याला पेरं आणि पेरांच्या मधे पोकळ कांडी. बोरूची लेखणी अशाच कांडीची. पान खोळीसारखं दांड्याला वेढून वर येतं आणि मग बाहेर वळतं. ते वळतं तिथे खोळ हलकेच सोलून उन्हात धरा. बारीक केसांची झालर दिसेल. माझा भरवसा तुऱ्यापेक्षा या झालरीवर जास्त, कारण तुरा काही वर्षभर नसतो. असला की मात्र लांबूनही कळतो: मोठा, मोकळा, पिकल्यावर रेशमी आणि झुकलेला.

दसऱ्याच्या सुमारास काठावर पांढरे सरळ तुरे डोलतात, तो काश. त्याची पानं बरीच अरुंद, आणि त्याला वाळूचा काठ चालतो. नळाला संथ, उथळ पाणी आणि खाली गाळ हवा. त्या गाळातच त्याचं आडवं खोड पसरत जातं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, म्हणून ही जागा अशी झाली. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. नाशिक शहरात जिथे गोदेचा काठ काँक्रीटने बांधलाय, तिथे नळ शोधू नका.

‘मग हे सगळं काढून पाणी मोकळं का करत नाहीत?’ हा पुढचा प्रश्न. पाणकणीस फार माजलं तर थोडं विरळ करावं, हे मलाही पटतं. सरसकट काढायला मात्र माझा ठाम विरोध आहे. पुढच्या वेळी दुर्बीण कणसांवर नको, बुडाशी लावा. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांच्या पायात कोवळा कोंब धरून सोलत असते, आणि तिचं घरटंही त्याच दाटीत असतं.