वारुण गेला, ४० मोहरा राहिल्या : मोहिमेची नोंद

पोस्ट लिहून आम्ही जो भूमिका-खेळ खेळतो, त्यातलं माझं पात्र मृण्मा. मागच्या नोंदीत तिचं पात्र-पत्रक, म्हणजे तिची ओळख, नाती आणि गुण लिहिलेला कागद, नव्यानं मांडते म्हटलं होतं. ते तसंच पडलंय. वारुण हे पात्र चालवणारी खेळाडू माझ्याशी भांडून गट सोडून गेली, आणि मृण्माच्या पत्रकातली निम्मी वाक्यं वारुणवर येऊन थांबतात. तिचा धर्मभाऊ, जहाजाचा सुकाणूवाला, तिच्या नकाशांवर डोळे मिटून विसंबणारा एकटाच माणूस, आणि तिचे ४० मोहरा देणं असलेला.

भांडण कशावरून झालं ते गाळलं तर नोंद लिहिण्यात अर्थ नाही. बंदराच्या लढाईत वारुणच्या खेळाडूची पोस्ट नऊ दिवस आली नव्हती. बाकीचे चौघे खोळंबलेले. मी माझ्या पोस्टमध्ये लिहून टाकलं की वारुण दोर कापतो आणि मागे न बघता पळतो. दोनच वाक्यं, पण आपल्या भाषेत सरळसरळ गॉडमॉडिंग, म्हणजे दुसऱ्याचं पात्र परस्पर चालवणं. तिचं पात्र मी तिला न विचारता पळपुटं ठरवलं होतं. मग ओओसी चॅनलवर, म्हणजे पात्राबाहेर येऊन बोलायच्या जागी, शब्दाला शब्द वाढला आणि जहाजाशी काडीचा संबंध नसलेलं बरंच काही बोलून झालं. चूक माझीच.

पहिल्या आठवड्यात मी वारुणला बुडवला. वादळ, फुटलेलं शीड, हाती न लागलेलं प्रेत, सगळं साग्रसंगीत. मसुदा चांगला उतरला होता, हे आजही म्हणेन. जीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, वाचला आणि विचारलं, "यात रडतंय कोण? मृण्मा की तू?" मसुदा काढून टाकला.

नॉर्डिक लार्पवाले, म्हणजे प्रत्यक्ष वावरून भूमिका खेळणारे, याला ब्लीड म्हणतात: खेळाडूच्या भावना पात्रात झिरपतात, पात्राच्या खेळाडूत. एरवी त्याच्यासाठीच तर आपण खेळतो. पण रागात लिहिलेला मृत्यू कथेतला कमी आणि समोरच्याला पाठवलेला निरोप जास्त असतो, आणि ज्याला कळायचं त्याला तो बरोबर कळतो.

त्या दिवसांत लॅम्डामूबद्दल पुन्हा वाचलं. पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं ते मजकुरावर चालणारं जग. तिथे १९९३ मध्ये एका खेळाडूनं 'वूडू डॉल' नावाचा छोटा प्रोग्राम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावानं लैंगिक हिंसेची वाक्यं सगळ्यांसमोर दाखवली होती. माझी दोन वाक्यं आणि ते, यांची तुलनाच नाही. पण दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवला की पडद्यामागच्या माणसाला ते का लागतं, हा प्रश्न आपल्या छंदात तेव्हापासून आहे.

दुसऱ्या आठवड्यात रेटकॉन, म्हणजे घडून गेलेली कथा मागे जाऊन बदलणं, करून पाहिलं. वारुण कधी नव्हताच, असं धरून सगळे जुने सीन चाळले. मृण्माचे ४८ सीन, त्यांतल्या ३१ मध्ये वारुण, आणि त्या ३१ पैकी १२ मध्ये तिसऱ्या कुणाचं तरी पात्र. वारुण नाही तर जळत्या मनोऱ्यातून मृण्माला काढलं कुणी? नकाशाकारांच्या संघात तिच्यासाठी शब्द टाकला कुणी? माझं भांडण मिटवायला दुसऱ्यांचं लिखाण पुसायचा मला काय अधिकार? रेटकॉन मी एकाच वेळी करेन: गेलेल्या खेळाडूनं कुणाला त्रास दिला असेल तर. तेव्हा मात्र पात्र मुळासकट काढायचं. त्रास झालेल्या माणसानं कथेत त्याच्यासाठी सुतक पाळावं, ही अपेक्षाच चुकीची.

मग जीएमनं वारुणला एनपीसी म्हणून, म्हणजे कुणा खेळाडूचं नसलेलं पात्र म्हणून, चालवून बघितलं. दोन पोस्टमध्ये वारुण जीएमचे विनोद करायला लागला. बंद केलं. मालिकेत नट बदलला तरी प्रेक्षक चार भागांत सरावतात, पण लेखी खेळात पात्राला चेहरा नसतोच. असते ती वाक्याची ढब, आणि ती उसनी आणता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वारुणच्या खेळाडूला निरोप पाठवला. आधी माफी, त्या दोन वाक्यांची, नेमकी, 'पण' न लावता. पुढे तीनच गोष्टी विचारल्या: झालेलं तसंच ठेवू का, वारुणचं नाव घेतलं तर चालेल का, आणि तो कुठे गेला हे तू ठरवशील का. परत ये म्हटलं नाही. उत्तर दोन दिवसांनी आलं, रुक्ष आणि स्पष्ट. जुनं राहू दे, दोर कापल्याची पोस्ट बदल. नाव घे, पण त्याच्या तोंडी वाक्य घालू नकोस. मारू नकोस. तो उत्तरेच्या जहाजावर गेला. आणि शेवटची ओळ, 'मोहरा माफ करू नकोस.'

त्यावर आमचं बोलणं संपलं ते संपलंच. पण काम झालं. आता मी असं धरते की भूतकाळ दोघींचा आणि पुढचं ज्याचं त्याचं. मृण्मा चिडू शकते, वाट पाहू शकते, त्याच्याबद्दल चुकीचा समजही करून घेऊ शकते. वारुण उत्तरेत काय करतोय हे मी लिहायचं नाही.

लिहिताना वेगळीच अडचण आली. पहिल्या तीन पोस्टमध्ये मृण्मा सारखी वारुणच्याच आठवणी काढत बसली. नव्या खेळाडूंनी बिचाऱ्यांनी काय करावं? त्यांना हा माणूस माहीतही नाही. मी ते सगळं कापलं. उपाय पत्रकातच सापडला. तीन वर्षं सुकाणू वारुणकडे, म्हणून मृण्माच्या नौकानयनात मी कधी गुणच टाकले नव्हते. तिथे शून्य. आता जहाज तीच हाकते आणि फासे तिला काही सोडत नाहीत. दोनदा वाळूत रुतली. भाऊ गेल्याचं दुःख तीन परिच्छेदांत मला जमलं नाही, ते रुतलेल्या जहाजात आपसूक आलं.

नव्या खेळाडूनं, त्याचं पात्र जहाजावरचा आचारी, मला ओओसीमध्ये विचारलं, "मी वारुणची जागा घेऊ का?" नको म्हटलं. त्याचा आचारी मृण्माला फारसा आवडत नाही, आणि तेच मजेचं चाललंय.

गटातल्या दोघांचं तिच्याशी अजून बोलणं आहे. असू दे. त्यांतल्या एकानं काल विचारलं: तिनं स्वतः लिहिलेलं वारुणचं एक पत्र त्याच्या पात्राला आलंय, ते खेळात वाचलं तर चालेल का? त्या सीनमध्ये मृण्मा त्याच खोलीत आहे. मी आणि जीएम दोघांनी हो म्हटलं. पत्रात काय आहे ते मी विचारलं नाही. सीन रविवारी. तोवर नौकानयनात एक गुण टाकलाय.