लागला का गं?

टीव्हीच्या खालच्या पट्टीवर ‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का’ एवढी अक्षरं सरकली की पुण्यात माझ्या घरी फोन वाजू लागतो. पहिला बहुतेक नाशिकहून येतो, पूर्वी कोयनानगरच्या वसाहतीत चौथ्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या ताईंचा. “लागला का गं?” पुण्यात कुठला लागायला! त्यांनाही ते ठाऊक असतं. मग केंद्रबिंदू कोयनेजवळच्या हेळवाक गावाच्या कुठल्या दिशेला, किती किलोमीटरवर, याची चौकशी होते. त्यानंतर गुडघे, नातवंडं, लोणचं. कोयनानगरात आता आमच्यातलं कुणीच राहत नाही. तरी तिथली जमीन हलली की आम्ही एकमेकींना विचारतो.

कोयनानगरच्या माझ्या शाळेनं तिच्या महोत्सवासाठी आठवणी मागवल्या तेव्हा मी बाई-गुरुजींवर लिहावं अशी अपेक्षा असणार. पण माझी शाळा आणि माझी वसाहत मला वेगळ्या काढता येत नाहीत. वर्गात बाकावर जी शेजारी बसायची, तीच घरी भिंतीपलीकडे राहायची. वडील कोयना धरणाच्या स्टोअरमध्ये होते. आमच्या ओळीत सहा क्वार्टर, पुढे एकच लांब पडवी. कुणी विदर्भातलं, कुणी खानदेशातलं, एक घर कोकणातलं, एक बेळगावकडचं. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं ते गाव. जून ते सप्टेंबर कपडे म्हणून वाळत नसत. शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर कपडे पसरायचे, आणि एका घराची शेगडी पेटली की सहा घरांचे गणवेश तिथे जमायचे. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या गणवेशाला एकच धुराचा वास यायचा. शाळेत तो कुणालाच खटकत नसे, कारण सगळा वर्ग तसाच.

सगळा म्हणताना मी चुकते. वर्गात खोऱ्यातल्या गावांची मुलंही होती. त्यांची घरं, शेतं शिवसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेली होती. काहींचे आईवडील डोंगरात वर सरकून राहिले, काहींचे नातलग पार दूरच्या जिल्ह्यांत पाठवले गेले. आम्हाला ‘शेजार तुटणं’ नंतर कळलं, त्यांना ते आमच्या आधीच कळलं होतं. तेव्हा हे मला कुणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज त्याची रुखरुख वाटते.

धरणात पाणी साठू लागल्यापासून धक्के सुरू झाले होते. आधी पोटातून आल्यासारखी गुरगुर, मग हलणं. मांडणीवरची भांडी वाजली तर लहान, दाराच्या कड्या वाजल्या तर मोठा, हे आमचं मोजमाप. १९६७ च्या सप्टेंबरात एक चांगलाच जोराचा बसला, तरी आम्ही पुन्हा घरात झोपलोच.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मी सातवीत होते. त्या पहाटेचं मला फार थोडं आठवतं आणि जे आठवतं ते बहुतेक आवाजच आहेत. दगडी भिंत बाहेरच्या अंगाला गेली म्हणून आम्ही वाचलो. सगळा काळोख. बेळगावकडचे काका ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घराघरातल्या माणसांची नावं घेत फिरत होते. ज्याचं नाव येईल त्यानं ‘ओ’ द्यायची. शाळेतल्या हजेरीसारखी ती हजेरी होती. पाचव्या घरातल्या एका नावाला ‘ओ’ आली नाही. ती माझ्या बाकावरची मुलगी.

त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. वसाहतीतली बहुतेक घरं पडली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं, आणि पुढे त्याला मागून काँक्रीटचा भक्कम आधार दिला गेला. हे सगळं मोठेपणी वाचलेलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं, की शाळा आता उघड्यावर भरते आणि माझ्या बाकावर डावीकडे जागा आहे.

मग बदल्या सुरू झाल्या. धरणावरची माणसं पुढच्या धरणावर जातात. नाशिकच्या ताईंच्या आईनं, म्हणजे आमच्या ओळीतल्या काकूंनी, तेव्हा एक काम केलं. स्टोअरच्या जुन्या नोंदवहीची मागची कोरी पानं घेऊन प्रत्येक घराला एक पान दिलं. ट्रक भरला की ट्रकशेजारी उभं राहून नवा पत्ता लिहून घ्यायचा आणि पोचल्यावर पत्र टाकायचं वचन घ्यायचं. ती वही मी पुढे पाहिली. जायकवाडी, उजनी, धोम. एकाच पानावर एका कुटुंबाचे चार-चार पत्ते, आधीचा एका रेघेनं खोडलेला, तरी वाचता येईल असा. महाराष्ट्रातली धरणं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या पत्त्यांवरून शिकले. काकूंना दर दिवाळीला चार पत्रं यायची. त्या प्रत्येकाची बातमी बाकी तिघांना कळवायच्या. फोन आले तोवर पंचवीस वर्षं आमची ओळ त्यांनी एकटीनं सांधून ठेवली. त्या गेल्या तेव्हा पाचही घरांतून माणसं नाशिकला पोचली होती. त्यातली निम्मी एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत नव्हती, बोलू लागल्यावर ओळखली.

पाच घरं. सहावं पान कोरं आहे.

आपली मुलगी तिथे ठेवून पाचव्या घरातले ते आईवडील आठवड्याच्या आत निघून गेले. ट्रक नव्हता, निरोप नव्हता. काकूंनी कार्यालयात विचारलं, त्यांच्या मूळ गावी पत्र घातलं, ते परत आलं. तिला एक धाकटा भाऊ होता, तेव्हा चार-पाच वर्षांचा. आज तो पासष्टीच्या आसपास असेल. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तिच्या माणसांना विचारल्याशिवाय ते छापणं मला बरं वाटत नाही, आणि त्यांना विचारायला पत्ता नाही.

ताईंच्या संमतीनं ती वही महोत्सवाचे सगळे दिवस शाळेच्या कार्यालयात ठेवणार आहोत. स्टोअरची वही आहे, लाल कापडी पाठीची, उजव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग. आमच्या ओळीखेरीज इतर ओळींतल्या शेजाऱ्यांनीही तीत लिहावं, पानं पुष्कळ आहेत. फक्त मागून सहावं पान सोडून लिहा. त्यावर काकूंच्या अक्षरात वर ‘क्वार्टर नं. ५’ असं लिहिलेलं आहे.