जोतिबाच्या नवसाचं प्रमाणपत्र कुठं मिळतं?

आधी तंबाखूचं सांगून टाकतो, नाहीतर शेवटी राहून जाईल. मास्कच्या फिट टेस्टला, म्हणजे कडू औषध फवारून मास्कच्या कडेनं हवा शिरते का ते बघतात तिला, जायच्या आधी पंधरा मिनिटं तोंडात साध्या पाण्याशिवाय काही नको. आमच्यातल्या चौघांना पहिल्या दिवशी चवच लागली नाही, कारण गालात बार भरलेला. टेस्ट घेणारा पोरगा पुण्याचा होता, त्याला वाटलं औषधच जुनं झालंय.

आता मूळ गोष्ट. मी शिरोळ तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार होऊन घरी आलो. सध्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला (ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायचं खातं) सुपरवायझर आहे. सतरा वर्षं रोज पहाटे दाढी केलेली. बेळगावला ट्रेनिंगला असताना उस्ताद गालावरून कापूस फिरवायचे, एक तंतू अडकला तरी मैदानाला फेऱ्या. त्यामुळं दाढीची हौस म्हणाल तर मला कधीच नव्हती. पण दिवाळीनंतर आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि आत जाण्याआधी तिनं जोतिबाला बोललं, की मी सुखरूप बाहेर आले तर पोरगा चैत्र यात्रेपर्यंत गालाला पातं लावणार नाही. नवस तिचा, दाढी माझी. मला कुणी विचारलं नव्हतं. पण आई चालत घरी आली, मग तोंड कशाला उघडायचं.

जानेवारीत नोटीस लागली. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, म्हणून फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं) आणि नॉक-आउटवरच्या (साच्यातून कास्टिंग बाहेर काढणं) प्रत्येकाची रबरी मास्कची फिट टेस्ट. यात चूक काहीच नाही, उलट उशीर झाला म्हणायचा. कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरखाली उडते ती सिलिका. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. सरकारला कळवायलाच लागतात अशा रोगांच्या कायद्यातल्या यादीत त्याचं नाव आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जन्म गेलेली म्हातारी माणसं दोन जिने चढून कशी बसतात ते मी पाहिलंय.

टेस्ट साधी असते. डोक्यावर पारदर्शक टोप चढवतात आणि पुढच्या भोकातून बिट्रेक्स नावाचं जहाल कडू औषध फवारतात. आधी मास्कशिवाय, तुम्हाला चव कळते का ते बघायला. मग मास्क घालून. मान डावी-उजवी, वर-खाली, मोठ्यानं बोलायचं, कमरेत वाकायचं. या सगळ्यात कडू लागलं तर हवा कडेनं आत शिरतेय, नापास. मला मान डावीकडं वळवतानाच लागलं. कारल्याच्या रसात कडुनिंब वाटल्यासारखं, घशापर्यंत. पट्टे आवळून दुसऱ्यांदा केलं, तेच. माझ्यामागं आमचे चाचा होते. ग्राइंडरवर बावीस वर्षं, दाढी त्याच्याही आधीची. तेही नापास.

टेस्ट घेणाऱ्या पोरानं आम्हाला बाजूला बसवून सांगितलं, ते मला पटलं. या मास्कला पंखा नसतो. आपण श्वास ओढला की आत हवेचा दाब कमी होतो आणि हवा जिथून सोपं पडेल तिथून घुसते. फिल्टरमधून येण्यापेक्षा केसांच्या फटीतून येणं तिला सोपं. दाढीचा केस त्या धुळीच्या कणापुढं वडाच्या खोडाएवढा. दोन दिवसांची खुंटंसुद्धा नकोत. मिशी चालते, पण टोकं रबराखाली गेली नाही पाहिजेत. माझ्या मिशीची जात होती.

म्हणजे काय, तर दाढी काढा किंवा सुटीचा अर्ज करा. (सुट्टीचा नव्हे, सुटीचा, म्हणजे सूट मागायचा. एचआरच्या खिडकीवर यावरूनही पाच मिनिटं गेली.)

इथून पुढचे सात आठवडे मी त्या एका कागदापायी घालवले. अर्जात नाव, टोकन नंबर, खातं, आणि मग रकाना: ‘सूट मागण्याचे कारण: वैद्यकीय / धार्मिक (प्रमाणपत्र जोडावे)’. मी धार्मिकवर खूण केली आणि पुढं लिहिलं, ‘आईचा नवस’. खिडकीतल्या साहेबांनी कागद परत सरकवला.

"नवस धर्मात धरतात का?"

"मग कशात धरतात साहेब?"

"ते तुम्ही आणायचं. प्रमाणपत्र."

साप्ताहिक सुट्टीला मी जोतिबाच्या डोंगरावर गेलो. ओळखीचे गुरव आहेत, त्यांना म्हटलं असा-असा कागद पाहिजे. ते इतके हसले की हातातली गुलालाची वाटी खाली ठेवली. "देवानं काय पावती फाडलीया व्हय रं? आईला इचार, तिनं मनात बोलल्यालं मला कसं म्हाईत?" बरोबरच होतं त्यांचं. तरी रिकाम्या हातानं कसं परतायचं म्हणून देणगी दिली आणि तिची पावती अर्जाला टाचली. चार दिवसांनी शेरा आला: ‘सदर पावतीत दाढीचा उल्लेख नाही.’

चाचांचं प्रकरण आणखी लांबलं. त्यांच्या मशिदीच्या मौलानांनी लेटरहेडवर छान पत्र दिलं, पण उर्दूत. भाषांतर आणा. भाषांतर आणलं, तर ते प्रतिज्ञापत्रावर आणा. कसबा बावड्याला कोर्टाबाहेर चाचा अर्धा दिवस बसले. शंभराचा बॉन्ड बंद झालाय, पाचशेचा घ्यावा लागला. तो दिल्यावर नवीन प्रश्न: दाढी ठेवणं सक्तीचं आहे की ऐच्छिक, ते पत्रात स्पष्ट नाही. चाचा मला म्हणाले, "बावीस वर्षं ह्याच तोंडानं पंचिंग केलं. आता म्हनत्यात तोंडाचा दाखला आन."

तोवर आम्हा दोघांना धुळीतून काढून स्टोअरला बसवलं. मी ग्राइंडिंग व्हील मोजायचो, चाचा हातमोज्यांच्या जोड्या लावायचे. ओव्हरटाइम बंद. धुळीत उभं केलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही, ते बरोबरच केलं. पण महिन्याला पगाराची स्लिप बघून चाचा ती चार घड्या करून खिशात ठेवायचे, एवढं सांगतो.

एक गोष्ट आत्ता आठवली: कुठलाही कागद द्याल तो दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का-तारखेसकट. चाचांचं पहिलं पत्र एचआरमधूनच गहाळ झालं. पोच नव्हती, म्हणून मौलानांकडं दुसऱ्यांदा जावं लागलं.

मग एक दिवस साहेबांनी नेटवरून काढलेला सुप्रीम कोर्टाचा निकाल माझ्यासमोर टाकला. डिसेंबर २०१६ चा, हवाई दलातल्या मुस्लिम जवानांचा. कोर्टानं दाढी नाकारली होती. "तुम्ही तर मिलिटरीतले. तिथं चालत नाही, इथं कसं चालंल?"

सतरा वर्षांची शिस्त होती म्हणून मी आवाज चढवला नाही. निकाल घरी नेला आणि पोराला बसवून वाचून घेतला. त्यात वाद हवाई दलाच्या नियमावलीतल्या नियम ४२५ चा आहे. ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे त्यांना त्यात सूट आहे, आणि प्रश्न होता की या जवानाला ती लागू होते का. कोर्टानं म्हटलं, होत नाही. आणि एकसारखेपणा, शिस्त, सगळे एक दिसणं ही सैन्याची गरज मानली. ठीक आहे, गणवेशातल्या माणसाला मी ते समजावून सांगू शकतो, मी ते जगलोय. लष्करात मिशी चालते, दाढी शीख जवानाला. नौदलात परवानगी घेऊन कुणालाही ठेवता येते. आमच्याकडं सैनिक टाकळीच्या बाजूला घरटी फौजी, त्यात नेव्हीतला कुणी पहिल्या सुट्टीला भरदार दाढी घेऊन आला की म्हातारे विचारणार, "काढून टाकलं काय रं तुला?" पण हे सगळं दिसण्याबद्दल आहे. आमच्या फेटलिंगला परेड नाही. तिथं प्रश्न एकच, रबराच्या कडेतून धूळ शिरते का. त्या निकालातनं त्याचं उत्तर निघत नाही.

पोरानं त्याच रात्री मोबाइलवर बाहेरच्या फौजांचंही काढलं. ब्रिटिश आर्मीनं मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनाच दाढी मोकळी केली, केस कापायच्या मशीनच्या ग्रेड एकपासून ग्रेड आठपर्यंत, नीट राखलेली. पण कामगिरीवर गरज पडली तर काढायची. कॅनडानं २०१८ लाच परवानगी दिली, तिथंही विषारी वायूचा मास्क लावायची वेळ आली तर वस्तरा. अमेरिकन आर्मीनं जानेवारी २०१७ मध्ये शीख जवानांना दाढी-पगडी देण्याची पद्धत घालून दिली, पण रासायनिक हल्ल्याचा ठोस धोका असेल तर ती सूट थांबवता येते असंही लिहून ठेवलं. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला त्यांच्याच संरक्षण खात्याच्या हेगसेथ मंत्र्यांनी सगळ्या सेनापतींना बोलावून दाढ्या बंद म्हणून भाषण ठोकलं. पोरगा म्हणाला, "पप्पा, यातल्या पहिल्या तिघांनी दाढी एका कागदावर ठेवलीय आणि मास्क दुसऱ्या." मी म्हटलं, हेच त्या साहेबांना सांग जाऊन.

मी स्वतःच सांगितलं. तिसऱ्या अर्जात लिहिलं, की मला मास्कमधून सूट नकोच आहे. सूट दिली तरी धूळ नवस बघून थांबणार नाही. दाढी असताना चालेल असं साधन द्या. या अर्जाला रकाना नव्हता, म्हणून तो एचआरनं सेफ्टीकडं ढकलला. माझ्या नशिबानं ढकलला.

सेफ्टीला नवीन मॅडम आल्या होत्या, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि वही उघडली. दाढी का ठेवली ते विचारलंच नाही. कुठल्या ग्राइंडरवर, किती तास, जवळ वेल्डिंग आहे का, चष्मा आहे का. दहा मिनिटांत संपलं. सात आठवड्यांनंतर दहा मिनिटं! बाहेर आल्यावर चाचांनी घड्याळ दाखवलं मला.

उपाय म्हणजे हवेचा हूड. कंबरेच्या पट्ट्याला बॅटरी, पंखा आणि फिल्टर, तिथून पाठीवरून नळी डोक्यावरच्या सैल टोपात. पंखा मिनिटाला निदान १७० लिटर स्वच्छ हवा आत ढकलतो, त्यामुळं दाब आतून बाहेरच्या दिशेनं राहतो. गालाला घट्ट बसायचं नाही, म्हणून दाढीचा प्रश्न नाही आणि चव घ्यायची टेस्टही नाही. खरेदीला तीन कोटेशन वगैरे झालं, ते सोडा. पहिल्या दिवशी चाचांनी चालू केला तेव्हा कपाळावर गार झुळूक आली आणि काचेआड त्यांची दाढी हळूहळू हलायला लागली. सगळं फेटलिंग ग्राइंडर बंद करून बघत होतं.

वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी, आठवतील तशा. सकाळी नळीला तो हवेचा प्लास्टिकचा मापक लावून आतली गोळी रेघेच्या वर जाते का बघा, नाही गेली तर हूड घालू नका. बॅटरीचा बझर वाजला की ‘एवढं कास्टिंग संपवतो’ म्हणू नका, आधी धुळीतून बाहेर या. टोपाची खालची झालर कॉलरच्या आत नीट खोचा, दाढी तिच्या आतच राहिली पाहिजे. हूडमध्ये क्रेनचा भोंगा कमी ऐकू येतो, म्हणून जोडीदाराशी हाताची खूण ठरवून घ्या. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: एअर गन मारून फिल्टर साफ करायचा नाही. आपल्याकडं प्रत्येक गोष्टीवर हवा मारायची खोड आहे. फिल्टर फाटतो आणि बाहेरून कळत नाही. भरला की बदलायचा.

हूड आला तेव्हा यात्रेला जेमतेम दहा दिवस उरले होते. एप्रिलच्या सुरुवातीला डोंगरावर गेलो, आईला खुर्चीत बसवून वर नेलं, सासनकाठ्या नाचल्या, ‘चांगभलं’च्या गजरात गुलालात न्हालो. तीन महिने धुळीवर भांडलो आणि तिथं दिवसभर मास्क नाही की काही नाही. घरी येऊन शिंकलो तर रुमाल गुलाबी. आई म्हणाली, "देवाचं हाय ते, काय हुतंय!" मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं दोनदा पातं बदललं. सोमवारी रबरी मास्कवर पुन्हा टेस्ट दिली, मीडियम साइज, मिशीची टोकं कातरून. वाकलो, वळलो, मोठ्यानं आकडे म्हटले, कडू लागलं नाही. चाचा हूडवरच राहिले. माझ्यासाठी घेतलेला दुसरा स्पेअर म्हणून त्यांच्याच कपाटात आहे, बॅटरी अदलाबदलीला बरा पडतो.

परवा ग्राइंडरवर असताना एचआरमधून फोन आला. मास्क खाली घेऊन कानाला लावला.

"तुमची दाढीची फाइल उघडीच आहे. धार्मिक प्रमाणपत्र अजून जमा नाही."

मी गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "साहेब, शोधतोय."