अठ्ठावन्न हजारांचा जपानी फ्लॅट: बघून आलो, घेतला नाही

निकाल आधीच सांगतो: घेऊ नका. तरीही जायचंच असेल तर पुढे वाचा, आणि पहिली खरेदी गमबुटांची करा.

सिंहस्थाच्या नावावर नाशिकमध्ये जमिनीचे भाव असे चढलेत की आडगावच्या पुढचा गुंठ्याचा दर ऐकून माणूस चहा न घेताच उठतो. अशात माझा मावसभाऊ भाऊसाहेब (पिंपळगाव, द्राक्षवाला) याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जपानमध्ये फ्लॅट, समोर बर्फाचे डोंगर, किंमत १ लाख येन. येन तेव्हा ५८ पैशांच्या आसपास होता, म्हणजे ५८ हजार रुपये. "दादा, एवढ्यात आपल्याकडं गोठ्यावर पत्रे पडत नाहीत," भाऊसाहेब म्हणाला. कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराने 'पाहणी दौरा' आखून देण्याचे ४५ हजार मागितले. दिले. दोघेही पदवीधर आहोत, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

किंमत खोटी नाही, ते आधी मान्य करतो. ठिकाण युझावा, निगाता प्रांतातलं. १९८२ मध्ये तिथे शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) पोचली, मग १९८५ च्या प्लाझा करारानंतर (येन महाग करण्याचा देशादेशांतला करार) व्याजदर उतरले, त्या स्वस्त पैशाच्या दिवसांत टोकियोवाल्यांसाठी स्कीच्या इमारतींवर इमारती उठल्या. गाव आठेक हजार वस्तीचं आणि असले फ्लॅट पंधरा हजारांच्या घरात. १९८९ च्या २९ डिसेंबरला निक्केई (तिथला शेअर निर्देशांक) ३८,९१५ वर होता, तिथून जो कोसळला तो त्या पातळीवर परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. जमिनीचे भाव त्याच्या मागोमाग गेले आणि स्की खेळणारी पिढी म्हातारी झाली. फ्लॅट तिथेच उभे आहेत.

टोकियोचे तीन दिवस उत्तम गेले. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

टोकियो ते एचिगो-युझावा साधारण ऐंशी मिनिटं, आरक्षित सीटसह साडेसहा-सात हजार येन. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. भाऊसाहेबाच्या बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, त्यामुळे दर तासाला त्याचा पिंपळगावला फोन. वाटेत २२ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरलो तेव्हा कोरडं ऊन होतं, बाहेर पडलो तर छपरांवर माणसाच्या उंचीचा बर्फ. कसाऱ्याच्या घाटात धुकं लागतं तेवढाच बदल आम्हाला माहीत. भाऊसाहेब चालू फोनवरच गप्प झाला.

आता बुटांचं. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यातून जमिनीतलं पाणी सतत उडत असतं. कल्पना झकास आहे. चालणाऱ्याच्या नशिबी मात्र घोट्यापर्यंत बर्फाचा गारेगार चिखल, आणि पाण्यातल्या लोहामुळे सगळा रस्ता गंजासारखा तांबूस. स्टेशनपासून इमारत 'चालत पंधरा मिनिटं' असं कागदावर होतं. आम्हाला चाळीस लागली, वर चढ. माझे स्पोर्ट्स शूज पहिल्या चौकातच गेले. चालण्याची सवय असेल असं धरून सांगतो, दम लागत नाही, पण पायांची बोटं बधिर झाली की डोकं चालत नाही, आणि पुढे दोन तासांत ते फार चालवावं लागतं. स्टेशनजवळ गमबूट मिळतात. सामान लॉकरमध्ये टाका आणि टॅक्सी करा.

फ्लॅट चांगला होता. खरंच. साडेचारशे चौरस फूट, स्वच्छ, खिडकीतून पांढरा डोंगर. तळमजल्यावर सगळ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह. दुभाष्या म्हणाला, उतरून बघा. तिथे कपडे घालून उतरता येत नाही, तेव्हा आधी पुष्कळ संकोच. मग गळ्यापर्यंत पाण्यात बसलो, काचेपलीकडे बर्फ पडत होता, आणि भाऊसाहेब म्हणाला, "दादा, घेऊन टाकू. दोन घेऊ." मी हो म्हणालो. मी, ज्याने चाळीस वर्षांत रिक्षाला मीटरशिवाय पैसे दिले नाहीत. म्हणून नियम सांगतो: सही करायच्या दिवशी त्या पाण्यात पाय घालू नका.

वाचवलं एका कागदाने. तिथे सौदा होण्याआधी परवानाधारक दलालाला 'जूयो जिको सेत्सुमेइशो' नावाचं निवेदन ग्राहकाला समजावून द्यावंच लागतं, कायदाच आहे. आमचा दुभाष्या दिवसाचे ३० हजार येन घेणारा, आमच्या सल्लागारानेच लावून दिलेला. तो म्हणाला, औपचारिकता आहे, शेवटचं पान बघा. पण दलाल स्वतः, एक म्हातारे गृहस्थ, पानापानावर बोट ठेवून सावकाश वाचत होते, आणि तिसऱ्या पानावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मी मोबाइलवर भाषांतराचं ॲप लावून कॅमेरा त्या पानावर धरला.

महिन्याचा देखभाल खर्च आणि दुरुस्ती निधी मिळून ३१ हजार येन. आधीच्या मालकाची थकबाकी चौदा महिन्यांची: ४ लाख ३४ हजार येन. ही थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येते. १९६२ च्या तिथल्या सदनिका कायद्याचं कलम ८ तेच सांगतं, सोसायटी दोघांकडेही मागू शकते. नाशिकमध्ये आपण सोसायटीचं ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देत नाही, आणि तिथे आम्ही पाण्यात बसून दोन फ्लॅट घेत होतो!

मग मी वहीत मांडलं. फ्लॅट १ लाख येन. थकबाकी ४ लाख ३४ हजार. दलालाची फी ३ लाख ३० हजार. मी भांडायला उठलो, तर ते कायदेशीर निघालं: जुलै २०२४ पासून ८० लाख येनपर्यंतच्या घरांना दलाल आधी सांगून करासह एवढी फी घेऊ शकतो, नाहीतर स्वस्त घरं विकायला कोणी तयार होईना. म्हणजे दलाली मालाच्या सव्वातीनपट. बरं, नोंदणीचा कर खरेदीच्या किमतीवर नाही, सरकारी मूल्यांकनावर, बांधकामाला २ टक्के. या फ्लॅटचं मूल्यांकन २५ लाख येन, म्हणजे ५० हजार. काही महिन्यांनी वेगळा संपादन कर येतो, तोही मूल्यांकनावरच. नोंदणी करणाऱ्या लेखनिकाची फी निराळी.

हे सगळं एकदाच भरायचं. ३१ हजार मात्र दर महिन्याला, जा किंवा जाऊ नका. वर्षाचे ३ लाख ७२ हजार येन, सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. त्यात लिफ्ट आली, ते स्नानगृह आलं, गच्चीवरचा बर्फ काढणं आलं, आणि पस्तीस वर्षं जुन्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्या पुढे येणारच आहेत. म्हणूनच तो फ्लॅट १ लाखात मिळतो. काही मालक तर घेणाऱ्यालाच वर पैसे देतात.

'भाड्याने द्या, हप्ते निघतील,' हे असल्या सेमिनारांमधलं ठरलेलं वाक्य. या इमारतीच्या नियमावलीत पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने ठेवायला बंदी आहे. घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथल्या बँकेत सहसा खातं मिळत नाही, आणि देखभालीचे पैसे तर खात्यातून कापतात. करांच्या कागदांसाठी तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, तो काही फुकट बसत नाही.

परत आल्यावर गंगापूर रोडला आमच्या सीएंकडे गेलो. खरं तर आधी जायला हवं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. परदेशात पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिथे आपण कुठेच पोचत नाही. १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर) कापते, तेही आपल्याला लागू नाही. पण परदेशात घर आलं की आयटीआर-१ बंद, आयटीआर-२ भरा, त्यात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) मध्ये दरवर्षी ते घर दाखवा. विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला २०२४ मध्ये सूट दिली, पण स्थावर मालमत्ता त्यातून वगळली. ५८ हजारांच्या घराला १० लाख! भाऊसाहेबाने हे दोनदा विचारून घेतलं.

तरीही जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी दलालाला लिहून तीन गोष्टी विचारा: महिन्याचा एकूण खर्च किती, थकबाकी किती, दुरुस्ती निधीत आज शिल्लक किती. उत्तर गोल आलं तर जाऊ नका. दुभाष्या स्वतः शोधा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. नाएबा या जवळच्या स्की-ठिकाणाकडचे फ्लॅट आणखी स्वस्त सांगतील, ते स्टेशनपासून बसने बरेच आत आहेत, तिकडे वळूच नका. खाण्याचे हाल शाकाहाऱ्यांचे होतील, डाळीसारख्या दिसणाऱ्या सुपातही मासळीचा अर्क असतो. भात मात्र तिथला कोशिहिकारी जातीचा, नुसता मीठ लावून खाल्ला तरी पोट भरतं. स्टेशनात ५०० येनला पाच घोट साके (तांदळाची दारू) चाखायचं यंत्र आहे, भाऊसाहेबाने दोनदा चाखलं.

सल्लागाराकडे ४५ हजार परत मागायला तीन चकरा झाल्या. २० हजार दिले. उरलेल्यांचं म्हणाला, मार्चनंतर बघू.