कवडशाची सुट्टी: साताऱ्याच्या गच्चीवरची नोंदवही

एप्रिलअखेर

भावाची दोन्ही मुलं सुट्टीभर आमच्याकडे आहेत. मोठ्याची सातवी झाली, धाकटीची तिसरी. वहिनीची अट एकच: मोबाइल नाही, टीव्ही नाही, 'फक्त दहा मिनिटं' तर अजिबात नाही. आपला आकाशनिरीक्षणाचा छंद पडला रात्रीचा आणि ही दोघं नऊ वाजले की पेंगायला लागतात. म्हणून यंदा दिवसाचा तारा धरला. मुक्काम साताऱ्याला, अक्षांश १७.७, म्हणजे शून्य सावली (मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच) १० मेच्या आसपास. आपल्याकडे हा दिवस वर्षातून दोनदा येतो खरा, पण दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा सूर्यच दिसायची मारामार. सुट्टीत बसणारा तेवढा हा एकच.

ज्यांनी काठीची सावली मोजली असेल त्यांना माहीत आहे, टोक कधीच नीट सापडत नाही. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची, त्यामुळे फूटभर काठीच्या सावलीचं टोक तीनेक मिलिमीटर पुसट असतं. मे महिन्यात हीच सावली दिवसाला जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर सरकते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रातला (वेदी आखण्याच्या जुन्या ग्रंथातला) शंकू, म्हणजे उभी रोवलेली काठी, दिशा ठरवायला उत्तम. तो आम्ही पहिल्याच दिवशी रोवला, भोवती वर्तुळ काढलं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तिथे खुणा केल्या आणि पूर्व-पश्चिम रेघ मिळवली. पण रोजचा फरक टिपायला शंकू कामाचा नाही.

म्हणून भोक. लोखंडी स्टँडवर फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीला पुठ्ठा, त्याला पाच मिलिमीटरचं भोक, आणि भोकातून खाली सोडलेला ओळंबा (शेजारी बांधकाम चालू आहे, गवंडीमामांनी आनंदाने दिला). ओळंबा टेकतो तिथे फरशीवर फुली. मध्यान्हाला कवडसा त्या फुलीच्या उत्तरेला पडतो. शर्टाच्या बटणाएवढा गोल, त्यामुळे मधला बिंदू डोळ्यानेच धरता येतो. मापन नेहमी मोठा करतो, खडू कायम धाकटीकडे. या वाटणीवरून दोन भांडणं झाली, ती मी सोडवली नाहीत.

मेचा पहिला आठवडा

साताऱ्यात मध्यान्ह साडेबाराला होते. रेखांश ७४, प्रमाणवेळेची रेघ साडेब्याऐंशीवर, म्हणजे ३४ मिनिटं उशीर. त्यातून मेमधले साडेतीन मिनिटांचे कालसमीकरण (खऱ्या सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला फरक) वजा. घड्याळ हातावरचं, काट्यांचं, आकाशवाणीच्या बातम्यांवर लावून घेतलेलं. कवडसा मिनिटाला सव्वाचार मिलिमीटर पूर्वेकडे पळतो, त्यामुळे 'थांब, अजून नाही, आता!' हा खेळ रोजचा. सव्वाबाराला दोघं आपणहून गच्चीवर असतात. फरशी तापलेली असते, तेव्हा चपला आणि टोपी सक्तीची. सूर्याकडे वर बघायचं नाही हा नियम मी सांगितला, आता धाकटी तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवते.

रोजची खूण आदल्या दिवशीच्या खुणेच्या दक्षिणेला पडते. एप्रिलअखेर हे अंतर साडेपाच मिलिमीटर होतं, आता पाचच्या खाली आलंय. मोठ्याच्या हे लक्षात आलं आणि त्याने विचारलं, 'काका, हा दमतोय का?' उत्तर मी दिलं नाही. सूर्य २१ जूनला थांबून परत फिरणार हे त्याने खुणांवरून ओळखावं अशी माझी इच्छा आहे. अक्षाचा कल, साडेतेवीस अंश वगैरे आधी सांगून टाकलं की बघण्यासारखं काही उरत नाही. आपल्यातल्या शाळेत कार्यक्रम करणाऱ्यांशी माझं यावर नेहमी वाजतं.

दुपारचा उरलेला वेळ आरशाचा. आरशाच्या तुकड्यावर काळा कागद, कागदाला बारीक चौकोनी भोक. गच्चीच्या दारात आरसा टेकवून ऊन जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर फेकलं. दहा मीटरवर नऊ सेंटिमीटरचा सूर्य. भोक चौकोनी, मग चित्र गोल कसं, यावर धाकटी अडून बसली. तिने त्रिकोणी भोक केलं, मग चांदणीसारखं, तरी गोलच. मोठ्याने भिंतीवर पेन्सिलने त्या गोलाभोवती वर्तुळ काढलं आणि बघता बघता सूर्य त्यातून बाहेर गेला. साधारण दोन मिनिटांत वर्तुळ पूर्ण रिकामं. मग दुसरं वर्तुळ, तिसरं. आता जिन्याच्या भिंतीवर वर्तुळांची तिरपी रांग आहे आणि पुढच्या रंगकामाचा खर्च माझ्याकडे आहे. (आरसा कुणाच्या डोळ्यांवर फिरवायचा नाही, आणि तो हाताळायचा मोठ्यांनीच.)

१० मे

सकाळी ढग होते, अकराला उघडलं. साडेबाराला कवडशाने ओळंब्याचं टोक उजळलं. सूक्ष्म पाहिलं तर मध्यबिंदू फुलीच्या मिलिमीटर-दीड मिलिमीटर उत्तरेला होता, दुसऱ्या दिवशी तीनेक मिलिमीटर दक्षिणेला. म्हणजे आमचा खरा क्षण दोन मध्यान्हांच्या मधे पडला. स्टीलचा डबा, तांब्या, पोरांनी उभी केलेली केळी, सगळ्यांच्या सावल्या बुडाखाली गडप. खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या आणि त्यांच्या जुन्या पंचांगातली पलभा घेऊन बसल्या: विषुवदिनी मध्यान्हाला बारा अंगुळांच्या शंकूची पडेल तेवढी सावली. साताऱ्याची पावणेचार अंगुळांहून थोडी जास्त येते. मोठ्याने ती लगेच स्वतःच्या अंगुळाने मोजायला घेतली.

खरी मजा नागपूरकडून आली. बहिणीच्या मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं: तसंच एक मीटरवर भोक, पण वेळ बारा दहाची, कारण नागपूरची मध्यान्ह आपल्या वीस मिनिटं आधी. व्हिडिओ नाही, नुसता फोन. त्यांचा कवडसा फुलीपासून ६.१ सेंटिमीटर उत्तरेला. मोठ्याला परीघ येतो, त्यामुळे त्रिकोणमिती लागली नाही. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर, त्यातले ६.१ म्हणजे १०३ वा भाग. सूर्य आमच्या डोक्यावर आणि त्यांच्याकडे तेवढा कललेला, म्हणजे दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतरही पृथ्वीच्या परिघाचा तेवढाच भाग. शाळेच्या नकाशासंग्रहात साताऱ्याच्या आडव्या रेघेपासून नागपूर उत्तरेला किती हे पट्टीने मोजलं, ३८५ किलोमीटर आलं. १०३ गुणिले ३८५. कागदावर ३९,६५५ लिहून तो बराच वेळ बघत राहिला. मग पृथ्वीचा परीघ पुस्तकात शोधायला पळाला. तो सुमारे ४०,००० किलोमीटर असतो हे तुम्हाला माहीत आहेच.

मेचा तिसरा आठवडा

कवडसा आता फुलीच्या दक्षिणेला. उत्तरेकडच्या खिडकीच्या गजांची सावली दुपारी सज्जावर पडायला लागली, ती धाकटीने न सांगता पकडली.

वळिवाने दोन-तीन मध्यान्हं खाल्ली, पण पावसानंतरच्या रात्री स्वच्छ मिळाल्या. मुठीने ध्रुवाची उंची मोजली: हात ताठ ठेवला की एक मूठ दहा अंश, ध्रुव दोन मुठींच्या आत. १० मेच्या सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर), गावाचा अक्षांश आणि ध्रुवाची उंची, तिन्ही आकडे १७-१८ च्या घरातले. मोठ्याने ते वहीत एकाखाली एक लिहिलेत.

त्रिशंकूचं (दक्षिणेकडच्या चार ताऱ्यांच्या चौकोनाचं) मात्र गावातून जमेना. तो नऊ-साडेनऊला दक्षिणेला सर्वांत वर येतो, तरी खालचा तारा जेमतेम नऊ अंशांवर, आणि दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ला ठाण मांडून बसलेला. शेवटी कोरेगावच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतात गेलो. सप्तर्षींच्या शेपटीवरून स्वाती, तिथून चित्रा, चित्राच्या खाली उजवीकडे हस्त, आणि हस्ताच्या पार खाली क्षितिजाजवळ तिरका चौकोन. धाकटी तोवर गोधडीत गाढ झोपलेली. तिला उठवलं, तिने बघितलं, 'पतंग' म्हणाली आणि परत झोपली.

पुढे

नागपूरची शून्य सावली २६-२७ मेला. त्या दिवशी आमचा कवडसा फुलीच्या दक्षिणेला किती असेल यावर पैज लागली आहे. मोठा म्हणतो तेच सहा सेंटिमीटर, उलट बाजूला. धाकटी म्हणते चार, कारण तो हळू हळू चाललाय. पैज एका आंब्याची आहे, हापूस संपत आल्याने पायरीवर भागवायचं ठरलंय.

कोल्हापूर, पुणे, मुंबईकरांची तारीख गेली (अनुक्रमे ६-७, १३-१४ आणि १५-१६ मे), नाशिककरांची २० तारीख तोंडावर आहे. विदर्भ आणि खानदेशातल्यांच्या हातात अजून आठवडा आहे. कुणाच्या घरी मुलं असतील तर एक मीटर उंची ठेवा आणि फुलीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये, गावाच्या नावासह कळवा. सोलापूरचं कुणी आहे का? अक्षांश आमच्याइतकाच, पण मध्यान्ह सात-आठ मिनिटं आधी. १० मेची नोंद कुणी ठेवली असेल तर पोरांना ती जुळवून बघायची आहे.