हमर आणि बरावाची माणसं

केनियातल्या मोम्बासात, लंडनमध्ये किंवा अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये एखादा सोमाली शेजारी ‘आम्ही हमरचे’ किंवा ‘आम्ही बरावाचे’ म्हणाला, तर त्याला उंटांबद्दल विचारू नका. हमर म्हणजे जुनं मोगादिशू. मोगादिशू, मेर्का, बरावा ही सोमालियाच्या बेनादिर किनाऱ्यावरची शहरं, आणि बेनादिरी हे तिथले पिढीजात शहरी लोक: व्यापारी, विणकर, सोनार, धर्मपंडित. आतल्या मुलखातल्या गुराख्यांशी त्यांची गल्लत करणं चुकीचंच.

अरब, इराणी, सोमाली आणि आफ्रिकेतले बांटूभाषक ही सरमिसळ झाली ती वाऱ्यामुळे. ईशान्य मोसमी वाऱ्यावर अरबस्तान-गुजरातकडची गलबतं यायची आणि वारा फिरला की परतायची. नैर्ऋत्य वारा जोरात असेपर्यंत किनारा बंदच. महिनोन्‌महिने मुक्काम पडला की सोयरिकी होणारच.

1331 मध्ये आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मोगादिशूची रीत लिहून ठेवली आहे. जहाज नांगरलं की तरुण पोरं होड्यांतून यायची, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. ज्या व्यापाऱ्यापुढे ताट ठेवलं तो त्यांचा पाहुणा. त्याने उतरायचं त्या घरी आणि खरेदी-विक्रीही यजमानामार्फतच. पाहुण्याचा माल कोणी पडत्या भावात उचलला किंवा यजमानाच्या अपरोक्ष त्याला काही विकलं, तर तो सौदा रद्द. दलाली आणि पाहुणचार एकाच ताटात! इब्न बतूताला स्वतःला मिळालं ते तुपातला भात, दुधात शिजवलेली केळी, लिंबाचं लोणचं, आलं, आंबा.

इथलं कापड तेव्हा इजिप्तपर्यंत जायचं. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी उभे धागे वरखाली करतो आणि हाताने धोटा फेकतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन गिरण्यांचं स्वस्त कापड आलं आणि या मागांचं कंबरडं मोडलं.

1507 मध्ये पोर्तुगीजांनी बरावा लुटून जाळलं. त्या आरमारात पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्क होता. तीनच वर्षांनी त्याने गोवा घेतलं. मोठा घाव मात्र 1991 चा. सोमालियातल्या यादवीत ज्याच्या टोळीकडे बंदुका तो वाचला. बेनादिरींकडे दुकानं आणि सोनं होतं, फौज नव्हती. म्हणून लुटीत पहिला नंबर त्यांचा. कित्येक जण होड्यांत बसून मोम्बासाला पोचले.

बरावाच्या घरांत चिमिनी नावाची भाषा बोलतात. ती स्वाहिलीच्या जवळची असली, तरी नुसत्या स्वाहिलीवर सगळं कळेल असं धरून चालू नका. हमरवाल्यांची बोली सोमालीच, पण वेगळ्या ढंगाची.