ऐरोलीची लॅब ठाण्यातून चालू करताना

ऐरोलीच्या एका कॉलेजात दोन लॅब माझ्याकडे आहेत, प्रत्येकी 42 मशीन. अपडेट टाकायचे म्हणजे मुलं गेल्यावर थांबायचं, वाकून वाकून 84 बटणं दाबायची आणि रात्री उशिरा ठाण्याची लोकल गाठायची. म्हणून वेक ऑन लॅन, म्हणजे बंद मशीन नेटवर्कवरूनच चालू करायची सोय, लावायचं ठरवलं.

मशीन बंद असलं तरी नेटवर्क कार्डाला थोडा करंट मिळत राहतो. त्याला मॅजिक पॅकेट नावाचा छोटा संदेश पाठवायचा: एफएफ हा बाइट 6 वेळा, मग त्याच मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा 6 बाइटचा पत्ता) 16 वेळा, एकूण 102 बाइट. आपला पत्ता ओळखला की कार्ड मशीन उठवतं.

प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेक ऑन लॅन चालू केलं, बंद मशीनचा करंट तोडणारं ईआरपी बंद केलं, वेक ऑन लॅनच्या आड येणारं विंडोजचं फास्ट स्टार्टअपही काढलं. दोन दिवस त्यातच गेले. दुपारी एका मशीनवर करून पाहिलं तर पंखा लगेच फिरला. रात्री घरून व्हीपीएनने (बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेने) कॉलेजच्या सर्व्हरवर गेलो, पॅकेट सोडली. एकही मशीन उठलं नाही.

सकाळी लवकर जाऊन मशीनच्या मागे पाहिलं. लॅन पोर्टवरचा हिरवा दिवा कुठेच नव्हता. शिपाईकाका रोज जाताना मेन स्विच पाडतात.

"सर, इतकी वर्षं अशीच बंद करतोय. रात्री शॉर्टसर्किट झालं तर?"

काकांचं चुकत नव्हतंच. इलेक्ट्रिशियनला बोलावून वायरिंग तपासून घेतलं, कॉम्प्युटरची लाइन वेगळ्या एमसीबीवर काढली. आता काका एसी, पंखे, दिवे पाडतात आणि तेवढा एक एमसीबी ठेवतात. माझ्या मते खरं काम हेच झालं.

तरी वरच्या मजल्यावरची दुसरी लॅब झोपलेलीच. तिथलं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा कप्पा, वेगळं. मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्ट म्हणून, म्हणजे कप्प्यातल्या सगळ्यांना एकदम, जातं आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. वर एक जुनं मशीन कायम चालू ठेवलं, वरची पॅकेट तेच पाठवतं. पॅकेटला पोच मिळत नाही, त्यामुळे चार मिनिटांनी सगळ्यांना पिंग करणारी, म्हणजे 'चालू आहेस का' विचारणारी, छोटी स्क्रिप्टही लिहिली.

त्या रात्री साडेदहाला 81 मशीननी उत्तर दिलं. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या केबल सैल निघाल्या. तिसऱ्याचा बायोसची सेटिंग जपणारा सेल संपला होता. शुक्रवारी लाइट गेली तेव्हा त्यातली माझी सगळी सेटिंग पुसली गेली होती.